भाऊ, सगळ्या घराला एकच डाएट चार्ट नाही चालत

भाऊ,

तुझा मेसेज वाचला, सगळ्या घराचा मिळून एकच डाएट चार्ट करून पाठव म्हणे. तसा नाही होत रे. तुझ्याकडे सध्या सहा महिन्याचं बाळ, अंगावर पाजणारी सूनबाई, तेरा वर्षाची पोरगी आणि सत्तरी ओलांडलेले बाबा आहेत, प्रत्येकाची गरज वेगळी. पण म्हणून चारदा स्वयंपाक नाही करायचा, जे शिजेल त्यातलं कोणाच्या ताटात काय जास्त जायला पाहिजे एवढं ध्यानात ठेव, आणि ते तूच ठेव, सूनबाईवर नको टाकू, तिला बाळापायी स्वतःचं जेवण सुद्धा सुधरत नाही. अंगणवाडीत एवढी वर्षं काढली म्हणून हक्काने सांगते.

आधी बाळ. सहा महिने निव्वळ आईचं दूध दिलं, फार चांगलं केलं. पण आता त्यावर भागत नाही, जन्मताना अंगात आणलेलं लोह संपत येतं आणि आईच्या दुधात ते थोडंच असतं. लोकं डाळीचं वरवरचं पाणी पाजतात, त्याने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. डाळभात घट्ट कालव, चमचा तिरपा केला तरी ओघळला नाही पाहिजे, वरून थोडं तूप. आपलं सावदा-रावेरचं केळं कुस्करून दे, नीट उकडलेलं अंडं दे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून २-३ वेळा, नऊ महिन्याचा झाला की ३-४ वेळा. वर्षाच्या आत मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको, कोणी हौसेने बोटाने चाटवायला आलं तरी सरळ नाही म्हण, त्यातून बोटुलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, लहान बाळाच्या जिवावर बेततं. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षापर्यंत चालूच राहू दे.

सूनबाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागत होत्या, आता पुढचे सहा महिने ५२० लागतील, आयसीएमआरचे, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे आकडे आहेत हे. म्हणजे दिवसाला एक जेवण जास्तच समज. डिंकाचे लाडू पाठवले होते ते ठीक, पण नुसत्या लाडवावर नको ठेवू, तिला डाळ, दूध-दही, पालेभाजी पाहिजे. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस असते, तिने पूर्ण केली का ते विचार. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ देऊ नको, एक सकाळी तर दुसरी संध्याकाळी.

आता पोरीचं, मला खरी काळजी तिचीच आहे. तिची पाळी सुरू झाली, उंची वाढतेय, आणि नाश्ता न करता शाळेत जाते म्हणे. १३ ते १५ वर्षाच्या मुलीला दिवसाला ३० मिलीग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना ॲनिमिया निघाला, आणि ही सगळी गरिबाघरचीच लेकरं नव्हती बरं का. तिला बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाणे-गूळ दे, वर लिंबू पिळ म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणाला लागून चहा बंद. तिच्या वजनावर घरात कोणी एक शब्द बोलायचा नाही, मग ती जेवणच सोडेल.

बाबा रात्री चहा-खारीवर भागवतात, मला माहीत आहे. या वयात भूक कमी होते पण मांसपेशी झिजतात, वजनाच्या किलोमागे निदान १ ग्रॅम प्रोटीन पाहिजे. त्यांचं वजन ६२ आहे, म्हणजे रोज निदान ६२ ग्रॅम. इथे आपली कळण्याची भाकरी कामी येते, किलोभर ज्वारीला पाव किलो सालीसकट उडीद. ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रोटीनमधला एक गरजेचा घटक, कमी, उडदात भरपूर, दोन्ही एकत्र आलं की प्रोटीन चांगलं लागतं, आपल्या म्हाताऱ्या बाया हे कोणत्याही चार्टशिवाय पिढ्यानपिढ्या करत आल्या. अशा दोन भाकरींत साधारण १५ ग्रॅम प्रोटीन येतं, बाकी वरण, दूध, एखादं अंडं. दात नसले तर वरणात चुरून द्यायची, हाच काला अजून मऊ करून, मीठ-तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेल्या वरणात बाळालाही चालतो. सूनबाई आणि पोरगी भरीताबरोबर खातील. तुझं म्हणशील तर दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, शेवभाजीचं पार्सल आणि लोणचं-पापड कमी कर.

ज्वारी-उडीद मिसळून आणि बाजरी वेगळी बांधून शनिवारच्या ट्रॅव्हल्सने पाठवतेय, संगमवाडीला उतरवून घे. दळून नाही पाठवत, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, आठ दिवसाचंच दळून आण. पोरीचं आणि सूनबाईचं हिमोग्लोबिन या आठवड्यात तपासून घे, १२ च्या खाली निघालं तर नुसत्या भाकरीवर विसंबू नको, डॉक्टरकडे ने, आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव.

तुझी आई