ठसा हातात घेतला तेव्हा आईची भीती कमी झाली

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी चाळीसगाव तालुक्यातला, गिरणाकाठचा शेतकरी. 2017 ला आमच्या पट्ट्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून संध्याकाळी कोणी नुसतं "बिबट्या उना" म्हटलं की गाव काठ्या घेऊन निघतं, व्हॉट्सॲपवर कुठलातरी जुना व्हिडिओ फिरतो अन् रातची लाईन असली तरी मोटर चालू करायला कोणी जात नाही. ही भीती खोटी नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना कोणी शहाणपण शिकवू नये.

पण मागच्या हिवाळ्यात शाळेच्या सरांनी पोरांना वावरात नेलं. ओल्या चारीत ठसे होते, सगळे म्हणे बिबट्याच. सरांनी ठशाभोवती पुठ्ठा लावून प्लास्टर ओतलं, अर्ध्या तासात माझी पोरगी साचा घेऊन घरी. त्यात नखं उमटलेली. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याची सहसा उमटत नाहीत, हा तर कुत्रा होता. माझ्या आईनं साच्यावरून दोनतीनदा बोट फिरवलं, अन् दुसऱ्या दिवशी तीच शेजारणीला समजावत होती. बिबट्याबद्दल माहितीची पत्रकं आमच्याकडे वाटली होती, चांगली होती, पण हाताला कळल्याशिवाय मनाला पटत नाही.

नंतर सरांनी एका पोराला कपाशीच्या ओळीत वाकवून बसवलं अन् बाकीच्यांना गुडघ्यावर येऊन लांबून बघायला लावलं. वाकलेलं माणूस बिबट्याच्या उंचीवरून बकरीएवढंच दिसतं! वेचणीला बायांनी एकेकटं पांगू नये हे पोरांना तिथंच कळलं, सांगावं लागलं नाही. बिबट्याची वाळलेली विष्ठा हातमोजे घालून चाळणीत धुतली तर केस निघतात, खाल्लं काय ते कळतं. नगरकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेयांच्या टीमनं असंच तपासलं तर खाण्यात 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, त्यात सगळ्यात जास्त कुत्री. म्हणजे गावचा उकिरडा अन् त्यावरची मोकाट कुत्रीच त्याला बोलावतात, गोठ्याला दार पाहिजे.

माझी विनंती एवढीच, हे शाळेपुरतं ठेवू नका. आमच्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना निघायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, एक दिवस असं शिकवा. फडात पिल्लं सापडली की लोक घाबरून नाहीतर कौतुकानं उचलतात, मग त्यांची आई तिथंच घिरट्या घालते. पिल्लू तसंच ठेवून लांब व्हायचं, वनखात्याच्या 1926 नंबरला फोन करायचा, हे मुकादमानं स्वतः एकदा करून बघितलेलं असलं तर टोळी त्याचं ऐकेल.

आपला,
एक शेतकरी, ता. चाळीसगाव, जि. जळगाव