जळालेल्या दुकानाच्या पावत्या

महोदय,

यादवी संघर्षात बेचिराख झालेल्या दुकाना-कारखान्यांना सरकारने भरपाई द्यावी की नाही, यावर वाद पुष्कळ होतो. ती मागणाऱ्या व्यापाऱ्याला कोणकोणते पुरावे जोडायला लावतात, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मालाचा साठा दाखवणारी नोंदवही, खरेदीची बिले, उधारीची खतावणी हे सारे ज्या कपाटात होते ते कपाटच दुकानाबरोबर जळालेले असते, आणि पंचनाम्याला कोणी येईपर्यंत वाकलेले शटरही भंगारात गेलेले असते. विम्याचा आधार घ्यावा, तर यादवी युद्धातले नुकसान नेहमीच्या पॉलिसीत सहसा वगळलेले असते.

१९८७ साली श्रीलंकेच्या बट्टिकलोआ भागात, सुरक्षा दलांची कारवाई चालू असताना, एक कोळंबी प्रकल्प उद्ध्वस्त झाला. त्यात हाँगकाँगच्या कंपनीची गुंतवणूक होती. तो नेमका कोणी उद्ध्वस्त केला हे आंतरराष्ट्रीय लवादापुढे सिद्ध झाले नाही. तरीही पुरेशी खबरदारी घेतली नाही म्हणून लवादाने १९९० साली सरकारला ४,६०,००० डॉलर द्यायला लावले. परकी गुंतवणूकदाराला गुंतवणूक करारामुळे हा न्याय मिळाला. देशातल्या व्यापाऱ्याला मात्र असा करार नसतो, त्याच्या वाट्याला मदत कार्यालयातली रांग येते.

अमेरिकेत यादवीनंतर १८७१ साली नेमलेल्या दावे आयोगाकडे २२,२९८ दावे आले, त्यांतले एक तृतीयांशही मंजूर झाले नाहीत. संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याने वापरासाठी नेलेला मालच तिथे धरला जाई, नासधूस नव्हे. शिवाय आपण संघराज्याशी एकनिष्ठ होतो हेही दावेदारालाच सिद्ध करावे लागे. ब्रिटनच्या २०१६ च्या दंगल भरपाई कायद्याने एका दाव्याला १० लाख पौंडांची मर्यादा घातली आणि धंदा बंद राहिल्याने बुडालेले उत्पन्न तर हिशेबातच धरले नाही. भाडे, पगार आणि कर्जाचे हप्ते मात्र दुकान जळाले म्हणून थांबत नाहीत.

व्यवसायाचा परवाना, कराची विवरणपत्रे, वीजजोडणी यांच्या नोंदी बहुतेक ठिकाणी सरकारी दप्तरातच असतात, त्या अर्जदाराकडे मागण्याऐवजी भरपाई देणाऱ्या खात्यानेच मागवून घ्याव्यात. आणि साठ्याच्या किमतीसाठी घाऊक पुरवठादारांच्या वह्या व शेजाऱ्यांची शपथपत्रे ग्राह्य धरावीत, असा नियम भरपाईच्या कायद्यातच असला पाहिजे.

आपला,
एक वाचक