मी उभा राहिलो, दिन्या

नाशिक, रविवार

प्रिय दिन्या,

फोनवर सांगणार होतो, पण आवाज दाटून आला असता, म्हणून लिहायलाच बसलो. गेल्या मंगळवारी मी उभा राहिलो. यंत्रात बांधलेला, पण उभा. ४७ पावलं चाललो.

आधी हाडांची घनता तपासली. नऊ वर्षं खुर्चीत काढली की हाडं ठिसूळ होतात. सांधे आखडलेत का, कातडी कुठं लाल झालीय का, तेही बघितलं. मग कमरेपासून पावलांपर्यंत यंत्राचा सांगाडा अंगावर चढवला. फिजिओताई प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून बघत होत्या, कारण पट्टा रुतला तरी मला कुठं कळणार? कंबरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांना मोटरी, हातांत कुबड्या. धड जरा पुढं झुकवलं की सेन्सरला समजतं आणि मोटर पाय उचलते. पाय माझाच, पण तो उचलला गेल्याची खबर मला मोटरच्या आवाजानं लागायची. दहा पावलांत खांदे भरून आले. तोल सगळा हातांवर असतो रे.

समोर रेखा उभी होती. नऊ वर्षं मी तिचा चेहरा खालून बघत आलोय. त्या दिवशी वरून पाहिला. भांगात इतके पांढरे केस झालेत, मला माहीतच नव्हतं.

आणि तेव्हाच तू आठवलास. वॉर्डात रोज सकाळी ‘ऊठ बाळ्या’ म्हणून मला हाक मारणारा तू. माझ्या मणक्याची इजा पाठीत, डी-१०ला; तुझी मानेत, सी-६ला. कुबडीवर भार घ्यायला लागते ती पकड तुझ्या बोटांत नाही. हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. दादा शेत विकून यंत्र आणायचं म्हणताहेत ना, त्यांना थांबव. हे यंत्र तुटलेली नस जोडत नाही, आणि या घडीला ते तुझ्या हातांना पेलणारं नाही.

पण एका माणसाची गोष्ट तुला सांगायचीच आहे. अमित गोफर, इस्रायलचा इंजिनिअर. १९९७ मध्ये अपघात झाला आणि चारही हातपाय लुळे पडले. त्यानं ‘रीवॉक’ नावाचं असंच चालवणारं यंत्र बनवलं. ते घालून इंग्लंडच्या क्लेअर लोमासनं २०१२ ची लंडन मॅरेथॉन १६ दिवसांनी पूर्ण केली. २०१४ मध्ये अमेरिकेत ते घरी वापरायला परवानगी मिळाली. गोफरला स्वतःला मात्र ते वापरता येईना, तुझंच कारण. पुढं त्यानं उभं राहून फिरता येईल अशी चाकाची खुर्ची बनवली आणि तिच्यात तो स्वतः उभा राहिला. फ्रान्सच्या वाँडरक्राफ्टचं ‘अटालांट’ तर तोल स्वतःच सांभाळतं, कुबड्या लागतच नाहीत. आज ते थेरपी केंद्रांतच वापरतात. पण बघ, हाताची अट सुटायला लागलीय.

तोवर टिल्ट टेबल, म्हणजे पट्ट्यांनी बांधून हळूहळू उभं करणारा तो पलंग, चुकवू नकोस. उद्या तसलं यंत्र दारात आलं आणि तुझं अंगच तयार नसलं, तर मला ते सोसणार नाही. वर करताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच आडवं करायला सांग, बीपी पडतं.

पुढच्या महिन्यात येतोय. दादांशी मी बोलतो. आणि त्या टाचेच्या जखमेचा फोटो पाठव, आजच.

तुझाच,
बाळ्या