सिंहस्थापूर्वी पंचवटीची भांडी बँक मोठी करण्यासाठी आवाहन

नाशिककर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

पंचवटीत वर्षभर कुठे ना कुठे पंगत बसलेली असते. रामनवमी, हनुमान जयंती, कामदा एकादशीची राम-गरुड रथयात्रा, श्रावणी सोमवार, गणेशोत्सवातील भंडारे, नवरात्र आणि पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे निघालेल्या दिंड्यांचे मुक्काम, अशा प्रत्येक प्रसंगी मंडळे, व्यापारी आणि साधी घरेसुद्धा हौसेने अन्नदान करतात. ही आपल्या गावाची रीत आहे आणि ती वाढावी असेच आम्हाला वाटते. मात्र पंगत उठल्यावर एकदाच वापरायच्या ताटल्या, द्रोण, पेले आणि चमचे यांचा जो ढीग मागे राहतो, तो गोदावरीच्या, म्हणजे आपल्या गंगाघाटाच्या, अगदी काठावर राहतो. त्यावर उपाय म्हणून आमच्या परिसरातील रहिवासी आणि व्यापारी यांच्या समितीने स्टीलच्या भांड्यांची सामाईक बँक सुरू केली आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. तोपर्यंत ही बँक येणाऱ्या गर्दीला पुरेल एवढी करायची, तर समितीची स्वतःची ताकद अपुरी आहे, म्हणून हे आवाहन.

भंडारा संपल्यावर तासाभराने त्या जागी उभे राहिले, की प्रश्न किती चिवट आहे ते दिसते. मसालेभाताची शिते, वरणाचा ओघळ आणि जिलेबीचा पाक लागलेल्या ताटल्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांवर मुंग्या आणि माशा बसलेल्या असतात, आणि अन्नाच्या वासाने आलेली गाय ताटलीसकट घास गिळत असते. कागदाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक ताटल्या आणि पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्याशिवाय त्यांत रस्सा टिकणारच नाही. या थरामुळे त्या कुजत नाहीत, आणि अन्नाने माखलेल्या असल्यामुळे भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. घंटागाडीत ओला कचरा म्हणून टाकाव्यात तर खत बिघडते, सुका म्हणून टाकाव्यात तर बाकीचा सुका कचराही खरकट्याने नासतो. वर्गीकरणाचा आग्रह आपण सारेच धरतो, पण ज्या वस्तूचे वर्गीकरणच होऊ शकत नाही ती वापरातून काढणे एवढाच मार्ग उरतो.

उघड्यावर राहिलेला हा कचरा पहिल्या मोठ्या पावसात चेंबरमध्ये जाऊन बसतो. दहीपूल, सराफ बाजार आणि भांडी बाजार या सखल भागांत सरस्वती नाल्याचे पाणी चढून दुकानांत शिरते, हे आपण अनेक पावसाळे पाहत आलो आहोत. त्याला इतरही कारणे आहेत, परंतु तुंबलेले चेंबर हे त्यांतले आपल्या हातातले कारण आहे. पंचवटीच्या बाजूला वाघाडी नाला हाच माल थेट गोदावरीत आणून सोडतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांनंतर पाणी ओसरले, तेव्हा घाटावरच्या रेलिंगला आणि झाडांच्या फांद्यांना लटकलेले प्लॅस्टिक सर्वांनी पाहिले आहे. जे अडकत नाही ते खाली निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेली ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा आहे आणि दर हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात.

थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर राज्यात मार्च २०१८ पासून आणि एकदाच वापरायच्या अशा अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. तरीही ढीग कमी झाला नाही, कारण मंडळाच्या कार्यकर्त्यापुढचा प्रश्न कायद्याचा नसतोच. हजार माणसे जेवून गेल्यावर रात्री अकरा वाजता भांडी कोण घासणार, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. पूर्वी देवळात गावकीची भांडी असत आणि आळीतल्या बायका ती मिळून घासत. आज त्याच बायकांवर हे ओझे पुन्हा टाकणे आम्हाला मुळीच मान्य नाही. म्हणूनच आमच्या मते भांडी बँकेत भांड्यांइतकेच, किंबहुना भांड्यांपेक्षाही, महत्त्व घासणाऱ्या हातांना आणि त्यांच्या मजुरीला आहे.

बँकेचे काम असे चालते. मंडळाने किंवा कुटुंबाने किती पाने उठणार ते आधी कळवायचे आणि अनामत भरायची. समिती पंचवीस-पंचवीस ताटांच्या चळती लावलेले क्रेट टेम्पोने जागेवर पोहोचवते. एका संचात ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा असतो. जेवणाच्या जागी खरकट्यासाठी दोन मोठे पिंप ठेवलेले असतात आणि प्रत्येकाने आपले ताट त्यात झाडूनच परत द्यायचे, एवढी एकच अट आम्ही जेवणाऱ्यांना घालतो. धुलाईचे काम जवळच्या वस्तीतील महिलांचा गट करतो आणि त्यांची मजुरी त्याच दिवशी चुकती होते. धार्मिक आणि सार्वजनिक भंडाऱ्यांकडून भाडे घेतले जात नाही, फक्त हरवलेल्या भांड्याची किंमत अनामतीतून वळती होते. लग्नकार्ये आणि व्यावसायिक केटरर यांच्याकडून मात्र वाजवी भाडे घेतो, आणि धुलाईच्या खर्चाचा काही भार त्यातून उचलला जातो.

भांडी धुवायला पाणी लागते, मग हे पर्यावरणाचे काम कसे, असे आम्हाला वारंवार विचारले जाते, आणि ते विचारायलाच हवे. गंगापूर धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला पाण्याची उधळपट्टी परवडणारी नाही. आमचा अनुभव असा, की सर्वांत जास्त पाणी नळ सोडून घासण्यात जाते. त्याऐवजी ताट आधी कोरडेच झाडून घेतले, मग साबणाच्या टबात घासले आणि त्यानंतर स्वच्छ पाण्याच्या दोन टबांतून एकामागून एक काढले, तर पाणी पुष्कळ वाचते. शेवटच्या टबातले पाणी पुढच्या खेपेच्या पहिल्या टबाला चालते. जड, मातकट झालेले पाणी नदीत किंवा गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडायचे आहे. तो खड्डा आणि त्यावरची शेड ही आमची सर्वांत तातडीची गरज आहे, कारण सध्या धुलाई एका सदस्याच्या अंगणात होते आणि पावसाळ्यात ती थांबवावी लागते.

पर्वणीच्या दिवशी घाटावर येणारा भाविक एका जागी बसून जेवत नाही, चालता चालता प्रसाद घेतो, याची आम्हाला जाणीव आहे. तिथे स्टील चालणार नाही. अशा ठिकाणांसाठी पळसाच्या पानांच्या द्रोण-पत्रावळी घ्याव्यात आणि त्या शक्यतो पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील बचत गटांकडून घ्याव्यात, असे समितीने ठरवले आहे. पत्रावळीला आगाऊ मागणी नोंदवली आणि उचल दिली तरच त्या घरांना हंगामात पाने गोळा करणे परवडते. या उचलीसाठीही वेगळा निधी लागणार आहे.

परिसरातील व्यावसायिकांना आमची विशेष विनंती आहे. नाशिकची मिसळ आजही बहुतेक ठिकाणी स्टीलच्या ताटात, तर्री वेगळ्या वाटीत अशीच मिळते, आणि त्यात कोणाला काही कमी वाटत नाही. चहाच्या टपरीवर काचेचा ग्लास, मिठाईच्या दुकानात घरून डबा आणणाऱ्या गिऱ्हाइकाला वजनात किंवा दरात थोडी सवलत, फुलवाल्याकडे पिशवीऐवजी पानाचा पुडा, एवढे बदल दुकानदाराने मनावर घेतले तर होतात. मंडप डेकोरेटर आणि केटरर यांनी दरपत्रकातच स्टीलच्या भांड्यांचा पर्याय पहिला लिहावा. यजमान बहुधा पहिला पर्यायच निवडतो, असे या धंद्यातल्याच मंडळींनी आम्हाला सांगितले आहे. जे व्यावसायिक असा बदल करतील त्यांची नावे आम्ही बँकेच्या फलकावर लावू.

आज बँकेकडे ६०० संच आहेत आणि ध्वजारोहणापर्यंत ते ५,००० करायचे आहेत. टिकाऊ स्टीलचा एक संच सुमारे ३०० रुपयांना पडतो, म्हणजे उरलेल्या ४,४०० संचांसाठी सुमारे १३ लाख २० हजार रुपये लागतील. शेड, टब, पाणी तापवण्याची सोय, क्रेट आणि शोषखड्डा यांसाठी सुमारे ४ लाख रुपयांचा अंदाज आहे. आपण एक संच द्यावा, दहा द्यावेत किंवा वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ एक पूर्ण क्रेट द्यावा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आहेच, त्याप्रमाणे ताटाच्या मागच्या बाजूस दात्याने सांगितलेले नाव कोरून घेतले जाईल. ज्यांच्या माळ्यावर तांब्या-पितळेची जुनी भांडी पडून आहेत त्यांनी ती आणून द्यावीत. कल्हई नसलेली भांडी जेवणासाठी वापरता येत नाहीत, परंतु भांडी बाजारात ती मोडीत देऊन त्या किमतीचे स्टील घेता येते, आणि प्रत्येक मोडीची पावती दात्याला दाखवली जाईल.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. भांड्यांसाठी देणगी लवकर मिळते, मजुरीसाठी मिळत नाही, कारण मजुरीवर नाव कोरता येत नाही. तरी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या देणगीतील काही भाग ‘धुलाई निधी’ असे लिहून द्यावा. या निधीतून महिलांची मजुरी, रात्रीच्या कामाचा जादा मोबदला, हातमोजे, गमबूट आणि घरी सोडण्यासाठी रिक्षाचे भाडे दिले जाते.

दोन हजार रुपयांपेक्षा अधिक देणगी कृपया धनादेशाने किंवा बँक खात्यातून वर्ग करून द्यावी. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि जमा-खर्चाचा तक्ता दर तीन महिन्यांनी समितीच्या फलकावर लावला जाईल. पैसे देणे शक्य नसेल तर वेळ द्यावा. क्रेट मोजून घेणे, टेम्पोबरोबर जाणे आणि पंगतीच्या शेवटी पिंपाजवळ उभे राहून ताटे झाडून घेणे या कामांना माणसे हवी आहेत, विशेषतः रात्री नऊनंतर.

आपले,
भांडी बँक समितीचे सर्व सदस्य,
पंचवटी, नाशिक