कागदी नकाशा सोबत हवाच

मा. संपादक,

माझा भाचा मित्रांबरोबर शिडाच्या नौकेने मुंबईहून सेशेल्सला निघालाय. म्हणतो, "मामा, टॅबलेटवर सगळं आहे." ३० वर्षं जहाजावर काढल्यामुळे पडद्याची सोय मला मान्य आहे, आपण कुठे आहोत ते क्षणात कळतं. पण २०१४ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली एक नौका मॉरिशसच्या ईशान्येला प्रवाळखडकांवर चढली. पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून पाहिलाच नव्हता! शिवाय टॅबलेटमध्ये खारं पाणी शिरलं तर?

नकाशावर अंतर मोजायचा माझा पितळी डिव्हायडर आणि दिशा आखायची समांतर पट्टी मी त्याला दिलीय. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे कागदी नकाशेही त्याने घ्यावेत. दर तासाला नौका जिथे असेल तिथे नकाशावर पेन्सिलीने फुली मारून शेजारी वेळ लिहावी.

– एक निवृत्त जहाज अधिकारी, कोथरूड, पुणे