पुरानंतरची मदत: आधी विहीर, मग गोठा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातमाळ्याच्या डोंगरातून खानदेशात उतरणाऱ्या नद्यांचा पूर बहुधा एका रात्रीचा असतो. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या एकदम फुगल्या आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पोळा आठवड्यावर आला होता आणि दावणीला बांधलेली शेकडो जनावरे बुडाली किंवा वाहून गेली. असे पाणी जितक्या वेगाने येते, तितक्याच वेगाने उतरते. कोल्हापूर-सांगलीकडे 2019 साली ते दिवसच्या दिवस घरांत ठाण मांडून बसले होते. तिथे बोटी, निवारा छावण्या आणि शिजवलेले अन्न हीच खरी गरज होती. आपल्याकडे दुपारपर्यंत रस्ता उघडा पडतो आणि मागे उरतो तो गाळ, मेलेली जनावरे आणि गढूळ विहिरी. मदतीच्या गाड्या मात्र दोन्हीकडे सारख्याच भरल्या जातात: बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे. तिसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा ढीग भिजत पडलेला असतो आणि गावात ब्लीचिंग पावडर नसते. पुढच्या पावसात गाडी भरणाऱ्यांनी आणि गाडी उतरवून घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी विहीर. पुराचे पाणी कठड्यावरून आत गेले की उकिरडा, शौचालयाचा खड्डा आणि मेलेली जनावरे यांचे सगळे पाणी तिच्यात मिसळते. गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून उपयोग नाही, कारण गाळ आणि कुजके पदार्थच क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून आधी उपसा. तो एका दमात करू नये. आजूबाजूची जमीन पाण्याने फुगलेली असते, आतले पाणी झटकन कमी झाले की बाहेरचा दाब कच्च्या बांधणीला आत ढकलतो आणि विहीर ढासळते. थोडे उपसावे, थांबावे, पुन्हा उपसावे.

दुसरा धोका जिवाचा आहे. वर ठेवलेल्या डिझेल इंजिनाचा पंप जेमतेम 20-22 फुटांवरून पाणी ओढतो. पाणी त्याखाली गेले की कोणीतरी इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवते. इंजिनाचा धूर आत कोंडतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. कंदील उतरवून बघायची जुनी रीत इथे फसवी आहे, कारण हा वायू असूनही कंदील जळत राहतो. इंजिन कधीही विहिरीत उतरवू नये. ज्या संस्थेला काही मोठे द्यायचे आहे तिने पाणबुडी मोटर, लांब केबल आणि वर काठावर ठेवायचा जनरेटर द्यावा. एक संच आठवडाभरात पाच-सहा गावे फिरू शकतो.

उपसा झाला, नवे पाणी भरले, की पावडरीचा हिशेब. विहिरीचा व्यास फुटात मोजा, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी 22 ने. उत्तर लिटरमध्ये येते. 16 फूट व्यास आणि 12 फूट पाणी असेल तर सुमारे 68,000 लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते, म्हणजे या विहिरीला 170 ग्रॅम. पुरानंतर दुप्पट धरावी, म्हणजे 340. हा हिशेब 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचा आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत वर्षभर तोंड उघडे पडलेल्या पोत्यातली पावडर निम्म्या ताकदीचीही नसते. ओल लागून ढेकळे झाली आणि उग्र वास गेला, तर ते पोते बाजूला ठेवावे. देणगीदारांनी मोठ्या गोण्यांऐवजी लहान सीलबंद प्लास्टिकच्या पिशव्या आणाव्यात आणि वरची उत्पादनाची तारीख वाचूनच घ्याव्यात.

टाकायची पद्धतही आहे. कोरडी पावडर मुठीने विहिरीत भिरकावली की चुन्याचा साका खाली जातो आणि पाणी उगाच कडक होते. प्लास्टिकच्या बादलीत थोडे पाणी घेऊन पावडरीची पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरावी. एका बादलीत 100 ग्रॅमच्या वर पावडर घेऊ नये. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडावी आणि पाण्याखाली खालीवर हिंदकळावी. चुन्याचा साका बाहेर टाकावा. तास झाला की ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरले ते बघणे. नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तो पहिल्या दहा सेकंदांतच पट्टीशी ताडून बघावा. रेंगाळले की रंग गडद होतो आणि क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. लिटरला किमान 0.5 मिलिग्रॅम दिसले पाहिजे. रंग आलाच नाही तर पुन्हा मात्रा. हे काम जलसुरक्षकाचे, म्हणजे गावचे पाणी शुद्ध ठेवणाऱ्या माणसाचे आहे, पण पुराच्या आठवड्यात त्याचे स्वतःचे घरही गाळात असते. शेजारच्या कोरड्या गावांतून दोन जलसुरक्षक आठ दिवस पाठवणे ही पंचायत समितीला सहज जमणारी आणि सर्वांत स्वस्त मदत आहे.

आता गोठा. मेलेल्या जनावराचा पंचनामा होईपर्यंत मालक ते हलवायला तयार नसतो, आणि त्याचे चूक नाही. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 या काळाच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये आहेत. पंचनामा नसेल तर हातात काहीच नाही. म्हणून कानातल्या 12 अंकी टॅगचा, जनावराचा आणि गोठ्याचा असे तीन फोटो लगेच काढावेत. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि पशुवैद्यकीय डॉक्टर एकाच फेरीत एकत्र आले, तर त्याच दिवशी पुरता येते. खड्डा जेसीबीने सहा ते आठ फूट खोल करावा, विहीर-नाल्यापासून किमान 100 फूट लांब, उंचावरच्या मुरमाड जागेत. काळ्या जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाणी भरते. बुडून मेलेल्या जनावराचे पोट डॉक्टरांनी टोचून घ्यावे, नाहीतर ते फुगते आणि वरची माती उकलून कुत्री उकरतात. नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराला मात्र अजिबात चिरू-फाडू नये, ते तसेच पुरावे.

जगलेल्या जनावरांचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्यासाठी कोणी गाडी भरत नाही. एका मोठ्या जनावराला रोज किमान पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. 200 जनावरांच्या गावाला दिवसाला 10 ते 12 क्विंटल कडबा किंवा कुट्टी, आणि नवा चारा हाती यायला तीन आठवडे धरले तर दोनशे-अडीचशे क्विंटल. हे एका दिवशी टाकून चालत नाही, ठेवायला कोरडी जागाच नसते. दर चार दिवसांनी एक गाडी यावी. पुरात भिजलेला कडबा वरून वाळला तरी गंजीच्या पोटात बुरशी धरतो, तो घालू नये. भुकेल्या जनावराला कोवळ्या ज्वारीतही सोडू नये, किराळ लागून, म्हणजे कोवळ्या ताटांतल्या विषाने, तासाभरात मरते. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस राहिली असेल तर ती याच आठवड्यात टोचून घ्यावी.

घरांचे थोडक्यात. गाळ ओला असतानाच काढावा. काळी माती चार दिवसांच्या उन्हात विटेसारखी होते, मग फावडे चालत नाही, टिकाव लागतो आणि त्याने भिंतच हादरते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा इंच गाळ म्हणजे 60 घनफूट, अर्ध्या ब्रासहून (ब्रास म्हणजे 100 घनफूट) जास्त. म्हणून फावडी, घमेली, गमबूट आणि ट्रॉलीचे डिझेल आणावे, त्याने चादरींपेक्षा जास्त घरे उभी राहतील. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांना मात्र वेगळी काळजी हवी. पांढऱ्या मातीची भिंत पुरात टिकते आणि ऊन पडल्यावर चार-आठ दिवसांनी बसते, कारण पायातली माती वाळताना आकसते आणि वरचे भिजलेले धाबे तसेच जड असते. भिंतीला उभी चीर दिसली किंवा कडीपाटाचा सर (छताखालची तुळई) जागचा हलला, तर त्या खोलीत झोपू नये, लाकडी टेकू लावून आधी धाब्यावरची ओली माती उतरवावी. गावाला पंधरा-वीस जाड बल्ल्या देणारा दाता अजून भेटायचा आहे.

आणि शेत. शेतातला गाळ किंवा वाळू तीन इंचांपेक्षा जास्त असेल, तरच ती काढायला केंद्राच्या याच निकषांत हेक्टरी 18,000 रुपये आहेत. नदीने पात्र बदलून जमीनच नेली तर अल्प व अत्यल्प भूधारकाला हेक्टरी 47,000. पण शेतकरी पेरणीच्या घाईत आधी ट्रॅक्टर घालतो आणि नंतर अर्ज करतो. तोवर मोजायला थर उरलेला नसतो. गाळाला हात लावण्याआधी शेतात चार-पाच ठिकाणी जुन्या जमिनीपर्यंत वीतभर रुंद खड्डे घ्यावेत, आत फूटपट्टी उभी धरून बांधाच्या खुणेसह फोटो काढावेत आणि गट क्रमांक लिहून त्यांची प्रत पंचनाम्याला जोडायला लावावी.

आपला,
एक वाचक
ता. चाळीसगाव, जि. जळगाव