तो प्रवासखर्च माझ्या वडिलांच्या मातीचा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नावापुरत्या धर्मादाय संस्थांवरचा लेख वाचला. एक दिवस थांबलो, राग निवेल म्हणून. निवला नाही, म्हणून लिहायला बसलो.

लेखकाने इतर संस्थांबरोबर मुंबईकडच्या एका लहानशा ज्यू ट्रस्टचा हिशेब उघडून दाखवला आहे. लाभार्थी बोटांवर मोजण्याइतके आणि प्रवासखर्च वाटलेल्या मदतीहून जास्त. मग विचारले आहे, अशा संस्था हव्यातच कशाला, एखाद्या मोठ्या ट्रस्टमध्ये विलीन का करत नाहीत? लेखात संस्थेचे नाव नाही, मीही लिहीत नाही. पण अशाच एका संस्थेच्या वहीत 'प्रवास' या खात्यावर पडलेली एक रक्कम माझ्या घरची आहे. ती कशाची, ते सांगतो.

मे 2009. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, आम्ही अजनीत राहत होतो. सकाळी दहाच्या सुमारास ते गेले. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. आमच्यात माती होता होईतो त्याच दिवशी देतात. पण कबरीपाशी कादीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची तर दहा पुरुष लागतात, मिन्यान म्हणतात त्याला. नागपुरात त्या दिवशी आम्ही चार होतो, तेही नुकती तेरा वर्षे पूर्ण झालेल्या माझ्या मुलाला धरून. प्रार्थना चालवणारा हजान नाही, मयताला स्नान घालण्याची रीत ठाऊक असलेला माणूस नाही. दुपारी मुंबईला फोन लावला. संस्थेच्या गब्बायनी, म्हणजे खजिनदारांनी, एकच प्रश्न विचारला, "किती जण आहात?" मी म्हटले, चार. "मग सहा घेऊन येतो. बर्फ लावून ठेवा."

नागपूरचा मे महिना वाचकांना सांगायला नको. शेजारच्या पोरांनी कारखान्यातून भुशात गुंडाळलेल्या लाद्या आणल्या. रात्रभर आई आणि आत्या वितळलेले पाणी तांब्याने उपसून बादलीत टाकत होत्या. सकाळी विदर्भ एक्सप्रेस आली. पाच जण ठाणे-कल्याणकडचे आणि सहावा भुसावळचा, तो अपरात्री वाटेत चढला होता. आरक्षण मिळाले होते दोघांना. बाकीचे जनरलमध्ये बसून आले, त्यातले एक सत्तरी ओलांडलेले. वडिलांना त्यांच्यापैकी एकानेही कधी पाहिलेले नव्हते.

त्यांच्या पिशवीत कफन होते. पांढरे सुती कापड, संस्थेतल्या बायकांनी हाताने शिवलेले. आत्याने शिवणीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "गाठ नाही मारलेली. नीट शिवलंय." आमच्या कफनाच्या दोऱ्याला गाठ घालत नाहीत. ते नागपुरात कोण शिंप्याला सांगणार होते आणि कोण तपासणार होते? एका लिफाफ्यात चिमूटभर यरुशलेमची माती होती, ती वडिलांच्या डोळ्यांवर ठेवली. अकरा वाजता दफन झाले. दहा माणसांत उभा राहून मी बापाची कादीश म्हटली. घरी येऊन सगळ्यांनी उकडलेली अंडी खाल्ली आणि संध्याकाळच्या विदर्भने सहाही जण परत गेले. मी पैशांचे विचारले तर गब्बाय म्हणाले, "तिकिटं ट्रस्टच्या नावावर आहेत. तुम्ही आईकडे बघा."

त्या वर्षीच्या हिशेबात लाभार्थी एकच धरला असेल आणि तिकिटे सहा जणांची जाण्यायेण्याची. लेखकाच्या मोजमापाने ही उधळपट्टी झाली. मोठ्या ट्रस्टच्या टेबलावर हा फोन गेला असता तर अर्ज मागितला असता, मृत्यूचा दाखला मागितला असता आणि पुढच्या बैठकीत विषय ठेवला असता. "किती जण आहात?" हे विचारायला मिन्यान कळावे लागते.

लाभार्थी कमी का, याचाही जरा विचार व्हायला हवा होता. 1948 नंतर आमची माणसे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. मागे राहिले ते बरेचसे म्हातारे आणि त्यांना सोडून जाऊ न शकलेले. 2011 च्या जनगणनेत सबंध देशात आम्ही सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. मुंबई-ठाणे, पुणे अशी मोजकी ठिकाणे सोडली तर कुठे दोन घरे, कुठे एक. अशा समाजाची सेवा करायची म्हटले की गाडीतच बसावे लागते. दारफळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास सुटला की दुसऱ्या दिवशी आमच्यात शिळा सण असतो. त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचे, एकमेकांच्या घरी जायचे. देणे आणि जाणे आमच्याकडे पहिल्यापासून एकत्रच आहे.

आता आजची गोष्ट. तीच माझी आत्या आज 84 वर्षांची आहे. संस्था तिला औषधांसाठी महिन्याला अडीच हजार रुपये देते आणि पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या सणाच्या, आधी मात्साचे (बिनखमिराच्या भाकरीचे) पार्सल पाठवते. दोन वर्षांपूर्वी एक विश्वस्त वारले आणि दुसरे मुलाकडे इस्रायलला, अश्दोदला गेले. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मुदतीत दिला, मंजुरीचा कागदही हातात आला. पण बँकेने सह्या बदलून घ्यायला नकार दिला. म्हणे, जुन्या दोन्ही सहीदारांची संमती हवी. एक सहीदार देशाबाहेर आणि एक कबरीत! मृत्यूचा दाखला तीनदा दिला. दर वेळी काउंटरवर नवा माणूस आणि नवा फॉर्म. चौदा महिने खाते गोठलेले होते. त्या चौदा महिन्यांत आत्याची औषधे चुकली नाहीत, कारण दोन विश्वस्त स्वतःच्या पेन्शनीतून मनीऑर्डर करत होते. हे पैसे संस्थेच्या हिशेबात दिसणार नाहीत. लेखकाला ती वर्षेही 'निष्क्रिय' वाटली असतील.

आणि लेखात सुचवले आहे तसे परदेशी गेलेल्या नातलगांकडून पैसे मागवणे इतके सोपे नाही. इस्रायलमधल्या दिमोनाचा माझा चुलतभाऊ दर सणाला विचारतो, "ट्रस्टला काही पाठवू का?" त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि 2020 पासून ती हवी तर संस्थेने मागच्या तीन वर्षांत 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. खाते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच काढायचे. कफन शिवणाऱ्या आणि मात्सा पाठवणाऱ्या संस्थेने 15 लाख कुठून खर्च करायचे? गैरव्यवहार करणाऱ्यांना जरूर पकडा. पण नियम लिहिताना आणि लेख लिहितानाही एवढ्याशा संस्था डोळ्यांपुढे ठेवा, ही कळकळीची विनंती.

आणखी एक तक्रार आहे, आणि ती थेट आपल्या संपादकीय विभागाबद्दल आहे. लेखासोबत काळी टोपी, लांब दाढी आणि कानांवर बटा असलेल्या युरोपियन माणसाचे छायाचित्र छापले आहे. मजकुरातही 'परदेशी समाज' असा शब्द आला आहे. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी आमच्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आमची आडनावे दिवेकर, पेणकर, केहीमकर, अष्टमकर. मुंबईतले आमचे पहिले सिनेगॉग 1796 चे. एलिजा मोझेस 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या नावाचा रस्ता आजही वरळीत आहे. आमची कीर्तनेसुद्धा मराठीत आहेत. राज्य सरकारने 2016 मध्ये आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर मी 'इतर' या चौकोनात खूण करत होतो. ती खूण करताना जे वाटायचे, ते रविवारी ते छायाचित्र पाहून पुन्हा वाटले.

हे पत्र छापलेत तर सोबत ते छायाचित्र पुन्हा वापरू नये. माझ्याकडे आजीचे एक आहे, 1938 साली रेवदंड्याला काढलेले. नऊवारी, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर तीन वर्षांचे माझे वडील. हवे असल्यास पाठवतो. मूळ प्रत मात्र परत मिळावी.

आपला,
एक बेने इस्रायली वाचक
अजनी, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)